शेवट आधीच माहीत असलेली पुस्तकं

आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चार कॉट, दोन टेबलं आणि खिडकीखाली एक सिमेंटचा कट्टा होता. लोणावळा–तळेगाव पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं हॉस्टेल. पावसाळ्यात भिंतींना इतकी ओल यायची की जुलैत कट्ट्यावर ठेवलेलं पुस्तक सप्टेंबरपर्यंत फुगून दीडपट व्हायचं. शेवटच्या वर्षी त्या कट्ट्यावर फुगलेली पुस्तकं मला अजून पाठ आहेत. ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘इकिगाई’, ‘सेपियन्स’, ‘अग्निपंख’, ‘मन में है विश्वास’, ‘द मंक हू सोल्ड हिज फेरारी’, ‘अल्केमिस्ट’, नवीनच आलेलं ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ आणि कुणाच्या तरी घरून आलेलं, पुठ्ठा सुटलेलं ‘मृत्युंजय’.

माझा रूममेट तेव्हा एक वाक्य अभिमानाने म्हणायचा, “आपण फिक्शन वाचत नाही. टाइमपास आहे तो.” मी वाचायचो, पण लपूनछपून. सबमिशनच्या आठवड्यात कादंबरी हातात दिसली की लोक असे बघायचे, जसं काही मी फी बुडवतोय. ‘इकिगाई’ हातात असेल तर कुणी काही म्हणायचं नाही. तो अभ्यासच धरला जायचा.

आता पदवीला सहा-सात वर्षं झाली. कोड लिहून पोट भरतो. कॉलेजातली धाकटी भावंडं भेटली की मी मुद्दाम विचारतो, काय वाचताय? उत्तर बहुतेक तेच येतं. यादीत एखादं नाव बदलतं, पण मागचं वाक्य बदलत नाही : “दादा, नॉन-फिक्शन जास्त आवडतं. त्यातून काहीतरी मिळतं.”

या लेखात मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. पण हे भांडण कादंबरीच्या बाजूने लढायचं नाहीये, कारण मला वाटतं की रेषाच चुकीच्या जागी मारली गेली आहे.

कट्ट्याचं ऑडिट

त्या कट्ट्यावरची पुस्तकं परत एकदा मोजू या. ‘अल्केमिस्ट’ ही पाउलो कोएलोची १९८८ सालची कादंबरी आहे. सरळसरळ कादंबरी. ‘फेरारी’वाला वकील रॉबिन शर्मांनी कल्पनेतून उभा केलेला आहे, ती एक बोधकथा आहे. ‘रिच डॅड’मधला श्रीमंत बाप नेमका कोण, होता की नव्हता, यावर पुस्तक आल्यापासून वाद झडत आले आहेत. ‘हू मूव्ह्ड माय चीज?’ नावाचं एक पुस्तक प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं गेलं होतं. त्यात दोन उंदीर आणि उंदरांएवढी दोन छोटी माणसं चीज शोधत फिरतात. उंदरांची गोष्ट! आणि ती फिक्शन नाही म्हणे.

उलट बाजू बघा. ‘मृत्युंजय’ ही शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण अशी पात्रं स्वतःच्या तोंडून बोलतात. पण माझा फिक्शन न वाचणारा रूममेट ती दोनदा वाचून बसला होता. कारण काय? “ती कुठे फिक्शन आहे, ते महाभारत आहे.” ‘स्वामी’ आणि ‘पानिपत’बद्दलही लोक असंच म्हणतात, “मला इतिहास वाचायला आवडतो.” कादंबरी वाचून इतिहास वाचल्याचं पुण्य पदरात पाडून घेणं ही तर महाराष्ट्रातली जुनी रीत.

आणि ‘सेपियन्स’? त्या पुस्तकाचा गाभाच असा की माणूस इतर प्राण्यांच्या पुढे गेला तो कल्पित गोष्टींवर एकत्र विश्वास ठेवता आल्यामुळे. पैसा, राष्ट्र, कंपनी या सगळ्या मिळून मानलेल्या गोष्टी. म्हणजे आमच्या खोलीतलं सगळ्यात भारदस्त नॉन-फिक्शन पुस्तक सांगत होतं की फिक्शन हीच माणसाची ताकद आहे, आणि आम्ही ते पिवळ्या हायलायटरने अधोरेखित करत होतो.

आपल्या भाषेतही ही रेष कधी नीट मारली गेली नाही. ‘कादंबरी’ हा शब्दच मुळात एका नायिकेचं नाव आहे, बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेतल्या. नॉन-फिक्शनला तर मराठीत स्वतःचा शब्दच नाही. ललितेतर, कथेतर. म्हणजे ‘ते नव्हे ते’. गावातल्या वाचनालयात गेलात तर कपाटांवर कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन, वैचारिक अशा चिठ्ठ्या असतात आणि कुठेच न बसणाऱ्या पुस्तकांसाठी एक सुंदर शब्द असतो : संकीर्ण. वाचनालयाला दोन खाती पुरली नाहीत. आपल्याला मात्र दोनच हवी आहेत.

मग आमच्या कट्ट्यावर कोणती पुस्तकं चालायची आणि कोणती नाही? खरी की काल्पनिक, हा निकष नव्हताच. निकष असा होता : जे पुस्तक आपला अर्थ स्वतःच काढून, डबा भरून हातात देतं ते चालायचं. जे देत नाही, ते टाइमपास.

हे आवडतं त्याची कारणं आहेत

इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘आजची पिढी गंभीर वाचत नाही’ हे रडगाणं मला गायचं नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट वडिलोपार्जित असतं त्यांना ते परवडतं.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांसाठी अभ्यासाबाहेर विकत घेतलेलं पहिलं पुस्तक म्हणजे फुटपाथवरची पायरेटेड ‘रिच डॅड’ची प्रत. पुण्याला गेलं की अप्पा बळवंत चौकातून सेकंडहॅन्ड टेक्स्टबुकं आणायची आणि उरलेल्या पैशात हे एक. एज्युकेशन लोनचं व्याज चालू झालेलं असतं. घरी एक बहीण लग्नाची असते. अशा मुलाने “यातून मला काय मिळालं?” असं विचारलं तर तो क्षुद्र ठरत नाही. प्रत्येक तासाचा हिशेब द्यायची सवय त्याला परिस्थितीने लावलेली असते.

आणि या पुस्तकांतून खरंच काही मिळतं. ‘मन में है विश्वास’ वाचून गावाकडच्या मुलाला वाटतं की बत्तीस शिराळ्याकडचा एक मुलगा आयपीएस होऊ शकतो तर आपणही काही करू. ‘अग्निपंख’मध्ये रामेश्वरमचा पेपर टाकणारा पोरगा आहे. इंग्रजीतून आलेली पुस्तकं तर एक भाषाच देतात. गोल, फोकस, नेटवर्क, असेट. इंटरव्ह्यूच्या खोलीत हे शब्द माहीत असणाऱ्याची मान थोडी ताठ राहते. मी हे हसण्यावारी नेणार नाही.

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. साडेपाच महिने घरी होतो. त्या काळात मला सकाळी अंथरुणातून उठवलं ते ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ने. आधी फक्त बूट घालायचे, मग फक्त गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. ती युक्ती चालली. पण दुपारी तीन वाजता, वडील शेजारच्या खोलीत पेपर वाचत असताना, त्यांच्यासमोरून पाणी प्यायला जायची जी लाज वाटायची, तिच्यासाठी त्या पुस्तकात एकही ओळ नव्हती. असावी अशी अपेक्षाही नाही. स्क्रू-ड्रायव्हरकडून आपण भाकरी मागत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा घरात फक्त स्क्रू-ड्रायव्हरच असतात.

सहानुभूतीची गोळी

कादंबरीची बाजू घेणारे लोक अशा वेळी एक ठेवणीतलं शस्त्र काढतात : फिक्शन वाचल्याने सहानुभूती वाढते. संशोधनाने सिद्ध झालंय.

मी इंजिनिअर असल्यामुळे ते संशोधन शोधून काढलं. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो यांचा लेख आला. लोकांना थोडा वेळ साहित्यिक कथा वाचायला दिली आणि मग फक्त डोळ्यांचे फोटो दाखवून त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायला सांगितलं. कथा वाचलेले लोक नॉन-फिक्शन वाचलेल्यांपेक्षा सरस ठरले. जगभर बातम्या झाल्या. नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाण्यापूर्वी चेकॉव्ह वाचा, इथपर्यंत सल्ले गेले. पुढे २०१६ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून, जास्त लोक घेऊन तोच प्रयोग परत केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. जे आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचत आले ते लोक अशा चाचण्यांत बरे गुण मिळवतात असं आढळतं. पण वाचनामुळे तसे झाले की तसे होते म्हणून वाचू लागले, हे त्यातून कळत नाही.

मला खटकतं ते या दाव्याचं कच्चेपण, आणि त्याहून जास्त त्याची भाषा. “कादंबरी वाचा, सहानुभूती वाढेल” आणि “पहाटे पाचला उठा, उत्पादकता वाढेल” या दोन वाक्यांत फरक काय? दोन्हीकडे पुस्तक म्हणजे गोळी. कादंबरीचा कैवारी आणि माझा रूममेट एकाच दुकानात उभे आहेत, फक्त वेगवेगळ्या बाटल्या मागतायत.

मग कादंबरी नेमकं करते काय? मला याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं नाही. ते माझ्या आजीच्या ओट्यावर मिळालं.

तुंगीचा धोंडी

मावळ तालुका म्हणजे तीन खोरी : आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. माझं आजोळ पवन मावळातलं. पवनेवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला धरण पूर्ण झालं. आज तुंगवरून किंवा तिकोन्यावरून खाली जे निळं पाणी दिसतं, ज्याच्या काठावर शनिवार-रविवारी तंबू आणि बार्बेक्यू लागतात, ते त्या धरणाचं पाणी. त्याच्या खाली भाताची खाचरं होती, घरं होती.

धरणाबद्दल आमच्या घरात होतं ते सगळं नॉन-फिक्शन. जुने सातबारे, एक फाटका दाखला, पुनर्वसनाच्या अर्जांच्या पोचपावत्या. मामाकडे प्लास्टिकच्या पिशवीत ही फाइल अजून आहे, कारण तो प्रश्न मावळात अजून निकालात निघालेला नाही. आणि मग ९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघे जण मेले. मी तेव्हा शाळेत होतो. त्यावर पुढे बातम्या, चौकशा, लेख, भाषणं झाली. मी कॉलेजात असताना त्यातलं हाताला लागेल ते वाचून काढलं. ते वाचायलाच हवं होतं. तारखा, घनफूट, हेक्टर, कलमं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. सिस्टीम पडली की लॉगशिवाय काही कळत नाही. केव्हा, कुठे, कुणाच्या हुकुमाने, हे लॉगच सांगतो.

पण या सगळ्या वाचनात एक गोष्ट सारखी होती, आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्यातला प्रत्येक माणूस पहिल्या ओळीपासून ‘धरणग्रस्त’ होता.

गोपाल नीलकण्ठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, आमच्या तळेगाव दाभाड्यात राहायचे. या डोंगरांत ते इतके फिरले की त्यांच्या पुस्तकांतून वाट काढत ट्रेक करणारे लोक आहेत. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी पन्नासच्या दशकातली. म्हणजे धरणाच्या आधीची. धोंडी हा तुंगीच्या हवालदारांच्या घराण्यातला. किल्ला केव्हाच ओस पडलाय, पण हवालदारकीचा मान आणि त्या मानाचं ओझं घरात शिल्लक आहे. मग भाऊ, भावकी, गाव, बोलून गेलेला शब्द आणि तो पाळण्यासाठी मोजावी लागणारी किंमत. पात्रांच्या तोंडी मावळी बोली.

मी ती पहिल्यांदा वाचली ती थोड्या चुकीच्या हेतूने : आजोळची माहिती मिळेल म्हणून. पन्नासेक पानांनंतर मला एक विचित्र अस्वस्थता जाणवायला लागली. कारण मला माहीत होतं की हे खोरं बुडणार आहे, आणि पुस्तकातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. एवढंच काय, लिहिणाऱ्यालाही ते पाणी दिसत नव्हतं. धोंडीला धरणाशी काही देणंघेणं नाही. त्याच्यापुढे स्वतःचे प्रश्न आहेत, आणि ते त्याच्या दृष्टीने जगाएवढे आहेत. तो कशाचाही बळी म्हणून पुस्तकात आलेला नाही.

बुडालेल्या गावांबद्दल मी वाचलेल्या कोणत्याही अहवालात हे मला सापडलं नव्हतं. अहवालाला शेवट माहीत असतो. त्यामुळे तो माणसाकडे शेवटाच्या बाजूने बघतो. कादंबरीत माणूस अजून ठरलेला नसतो. त्याचं आज सकाळचं भांडण त्याच्यापुरतं पूर्ण असतं.

एका मे महिन्यात मी आजीला त्यातली काही पानं मोठ्याने वाचून दाखवली. आजीला वाचता येत नाही. सुरुवातीला ती नुसती भाताचे दाणे निवडत होती. मग एका संवादाला हसली आणि म्हणाली, “असं नाय बोलत रं आमच्याकडं. थोडं चुकलंय त्याचं.” मी म्हटलं, मग कसं बोलतात? तिने ते वाक्य तिच्या पद्धतीने म्हणून दाखवलं. आणि मग तिला आठवलं तिच्या सासऱ्यांचं नि शेजारच्या खाचरवाल्याचं बांधावरून झालेलं भांडण. एका आंब्याच्या झाडावरून. दोन वर्षं दोन्ही घरं बोलत नव्हती, आणि बायका मात्र पाण्याला गेल्या की झऱ्यावर गुपचूप बोलायच्या. “तुझी पणजी तिथं तंबाखू द्यायची त्यांच्या म्हातारीला,” आजी म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसत सुटली.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आजीने तिच्या गावाची अशी गोष्ट सांगितली होती ज्यात धरण नव्हतं. आम्ही आजवर तिला विचारलंच होतं ते “धरणाच्या वेळी काय झालं?” असं. पत्रकारही तेच विचारत आले, तलाठीही तेच आणि नातूही. तिने उत्तरंही तशीच दिली.

गोनीदांवरही एक आक्षेप

आता इथे कादंबरीची आरती ओवाळून लेख संपवता आला असता. पण ते खोटं होईल.

गोनीदांचीच दुसरी कादंबरी घ्या, ‘माचीवरला बुधा’. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे नाव असतं. मुंबईत आयुष्य काढलेला म्हातारा बुधा राजमाचीवर परत येतो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीने एकटा राहतो. पुस्तकात फार काही ‘घडत’ नाही, आणि तरी ते धरून ठेवतं. मी हे पुस्तक रूममेटला वाचायला दिलं होतं. त्याने तिसऱ्या दिवशी परत केलं. “यात होतंय काय? म्हातारा बसलाय.” तेव्हा मी चिडलो होतो.

आज वाटतं, त्याच्या आक्षेपात एक अर्धा प्रश्न लपलेला होता. तो सातारकडच्या कोरडवाहू गावातून आलेला. डोंगरावर एकटं राहणं त्याला सुंदर वाटणं शक्य नव्हतं. माचीवरून लोक मुंबईला का जातात? पोटासाठी. मग परत येऊन म्हातारा रोज खातो काय, आजारी पडला तर कुणाला हाक मारतो, माचीवर कुणाची किती जमीन आणि पाणवठ्यावर कुणाला आधी पाणी, हे प्रश्न त्या निसर्गाच्या धुक्यात विरघळतात. गोनीदा या डोंगरांवर प्रेम करत आले, ते भटके म्हणून. भटक्याला डोंगर सुंदर दिसतो. डोंगरावरून मोळी उतरवणाऱ्या बाईला तो किती दिसतो, मला शंका आहे. आज काजवे बघायला राजमाचीवर हजारोंनी गर्दी होते आणि प्रत्येकाच्या रीलमध्ये उधेवाडीचे लोक फक्त पिठलं-भाकरी देणारे हात म्हणून येतात. त्या नजरेत बुधाचाही थोडा वाटा असेल का? मला वाटतं, असेल.

हे धुकं मराठीत कुणी फाडलं? नॉन-फिक्शनने. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. ही पुस्तकं आली आणि मराठी कादंबरीतलं गाव एका रात्रीत अपुरं दिसायला लागलं. अनिल अवचटांचं ‘माणसं’ घ्या : उपेक्षित माणसांच्यात जाऊन बसलेला लेखक, जो निष्कर्षाची घाई करत नाही. यातलं एकही पुस्तक ‘यातून काय शिकाल’ असा डबा भरून देत नाही. ‘बलुतं’मधला दगडू स्वतःबद्दल जे सांगतो त्याने तो आदर्श ठरत नाही, उलट वाचणाऱ्याला कित्येकदा त्याचा राग येतो. ही आत्मचरित्रं आहेत, खरी आहेत, आणि तरी त्यांत शेवट आधी ठरलेला नाही.

आणि उलट दिशेनेही घ्या. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरची कादंबरी, साहित्य अकादमीचा १९९२ चा पुरस्कार मिळालेली. लेखक प्रशासनात अधिकारी होते. कचेरीतली फाइल कशी हलते, कशी हलत नाही, हे त्यात असं येतं की मामाची प्लास्टिकची पिशवी मला त्या कादंबरीनंतरच नीट समजली. म्हणजे तिथे फिक्शनने मला माहिती दिली. कोण कुठलं काम करणार याची वाटणी पुस्तकांनी मान्य केलेलीच नाही. खुद्द गोनीदांना अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७६ साली ‘स्मरणगाथा’ला, आणि ते आत्मचरित्र की कादंबरी? आत्मचरित्रात्मक कादंबरी. संकीर्ण!

रूममेटची वही

शेवटच्या वर्षी माझ्या रूममेटचं कॅम्पसमधून प्लेसमेंट झालं नाही. सात कंपन्या आल्या, सात वेळा तो शेवटच्या फेरीआधी बाहेर पडला. त्या वर्षी बाजारच मंद होता, आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं तसंच झालं. पण त्याच्याकडे एक वही होती. रोजच्या सवयींची. उठण्याची वेळ, पुश-अप्स, वाचलेली पानं, सोशल मीडियाची मिनिटं. सातव्या नकारानंतरच्या रात्री त्याने ती वही माझ्यासमोर उघडली आणि एप्रिलमधल्या तीन रिकाम्या चौकटी दाखवल्या. “इथं घाण झाली बघ. इथं मी स्लिप झालो.”

मी काहीच बोललो नाही. तीन दिवस पुश-अप्स न मारल्यामुळे त्याला नोकरी मिळाली नाही, असं तो खरोखर मानत होता.

त्याने चार वर्षांत वाचलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांत एकच नायक होता, आणि त्या नायकाचं यश पहिल्या पानावरच माहीत होतं. मधल्या सगळ्या हालअपेष्टा त्या यशाकडे जाणाऱ्या पायऱ्या. अशा गोष्टीत बाजार नसतो, पाऊस नसतो, इंग्रजी बोलणाऱ्या पॅनेलचा पूर्वग्रह नसतो, आणि नशीब तर नसतंच. मग तुम्ही पडलात तर दोष द्यायला त्या गोष्टीत एकच माणूस उरतो.

मला तेव्हा सुचलं नाही, पण आज मी त्याला ‘कोसला’ दिली असती. नेमाडेंचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत जातो. १९६३ पासून ते पुस्तक कुणालाही यशस्वी करत नाहीये. पण अपयशाला स्वतःचा गुन्हा न मानता त्याच्याकडे बघता येतं, क्वचित त्यावर हसताही येतं, हे त्यात आहे. ‘देऊन काय झालं असतं?’ असं विचाराल तर मला माहीत नाही. कदाचित तिसऱ्या दिवशी परत केलं असतं.

म्हणून धाकट्या भावंडांना मी आता ‘फिक्शन वाच’ असं सांगत नाही. हातातल्या पुस्तकाला फक्त एक प्रश्न विचारायला सांगतो : यातल्या माणसाचं काय होणार हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलंय का? ठरवलं असेल तर वाच, उपयोग करून घे, बूट घालायला शीक. पण वर्षातून दोन-तीन पुस्तकं अशीही असू देत ज्यांत ते ठरलेलं नाही. ती कादंबरी असेल, आत्मचरित्र असेल, कुठल्याही कपाटातलं असेल. कारण तुझंही अजून काही ठरलेलं नाहीये.

रूममेट आता चाकणला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. बरं चाललंय. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा बॅगेतून एक पुस्तक डोकावत होतं. परत गुंतवणुकीवरचंच. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “तुझा तो म्हातारा... शेवटी त्याचं काय होतं रे?”

मी सांगितलं नाही.